किण्वन मोजावे कसे?

बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांत ज्वारीची आंबील हा उन्हाळ्यातील नित्याचा आहार होय. ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबवतात. सकाळी ते शिजवून त्यात ताक, जिरे व लसूण घालतात. वरचे अन्न सुरू झालेल्या बालकांनाही ती भरवली जाते. त्यामुळे आंबवण पुरेशी झाली हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न केवळ चवीचा राहत नाही.

‘रात्रभर’ हे माप फसवे आहे. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतो, तर डिसेंबरात बीदरच्या पठारावरील रात्र गार असते. तेवढ्याच तासांत दोन ऋतूंत आंबवण सारखी होत नाही. बुडबुडेही भरवशाचे नाहीत, कारण वायू अनिष्ट जंतूही निर्माण करतात.

काय मोजावे?

किण्वनातून जे निपजते, त्यावर मोजमाप ठरते. घरगुती बिअरमध्ये यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते व द्रव हलका होतो. म्हणून तेथे हायड्रोमीटर, म्हणजे आपल्या युरिनोमीटरचेच भावंड, वापरतात. विशिष्ट गुरुत्व १.०५० वरून, समजा, १.०१० वर उतरले आणि दोन-तीन दिवस तेथेच स्थिरावले, की किण्वन संपले असे मानतात. आंबिलीत मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार होते. तेथे सामू, म्हणजेच पीएच, मोजणे योग्य. ही मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतच मांडली. धमनीतील रक्ताचा सामू वाचताना आपण तीच वापरतो.

कसे मोजावे?

१. नमुना ताक घालण्यापूर्वीच घ्यावा. ताकाचे आम्ल मिसळल्यास किण्वनाचा अंदाज चुकतो.
२. पीठ तळाशी बसते, म्हणून मिश्रण स्वच्छ चमच्याने ढवळून घ्यावे.
३. एक ते चौदा अंशांची सर्वसाधारण कागदी पट्टी येथे अपुरी पडते. अरुंद पल्ल्याची पट्टी वा मीटर वापरावा.
४. मीटर ४ व ७ सामूच्या द्रावणांनी आधी जुळवून घ्यावा.
५. आरंभी व नंतर दर चार तासांनी नोंद करावी. सोबत तापमानही लिहावे.

अर्थ काय लावावा?

सामू ५.६ वरून ४.६ वर आला, म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट झाले. ४.६ च्या खाली बोटुलिझमचा जंतू वाढत नाही. सामू चारकडे सरकतो तशी अतिसाराच्या बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते. मात्र काही जंतू तेथेही तग धरतात. स्टॅफिलोकॉकसचे विष एकदा तयार झाले, की उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून सामूचा आकडा स्वच्छ हात, शुद्ध पाणी व ताजेपणा यांची जागा घेऊ शकत नाही.

मातांना मीटर देणे शक्य नाही, हे खरे. परंतु आपल्या दवाखान्यात प्रत्येक ऋतूत काही नमुने मोजले, तर उन्हाळ्यात किती तास व हिवाळ्यात किती, हे त्यांना अंदाजाने नव्हे, आधाराने सांगता येईल.