संगणकाची दृष्टी आणि माणसाचा चेहरा

छायाचित्रात आपणांस माणूस दिसतो. संगणकाला दिसतात ते केवळ आकडे. छायाचित्राचे लक्षावधी सूक्ष्म ठिपके पाडले जातात आणि प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा साधारणतः ० ते २५५ या अंकांत नोंदला जातो. या अंकांच्या राशीतून माणूस हुडकून काढण्याच्या शास्त्रास ‘संगणकीय दृष्टी’ असे म्हणतात.

२००१ साली पॉल व्हायोला व मायकेल जोन्स या संशोधकांनी यासाठी एक सोपी युक्ती योजली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळसर असतो, नाकाचा दांडा त्याच्या दोन्ही बाजूंपेक्षा उजळ असतो. अशा उजेड-सावलीच्या चौकोनांची तुलना करीत यंत्र चेहरा शोधू लागले. २००५ मध्ये नवनीत दलाल व बिल ट्रिग्ज यांनी आकृतीच्या कडांच्या दिशा मोजून रस्त्यावरील पादचारी ओळखण्याची पद्धत मांडली. २०१२ नंतर मात्र असे नियम माणसाने सांगण्याऐवजी असंख्य छायाचित्रे दाखवून यंत्रालाच शिकविण्याची रीत रूढ झाली.

येथे तीन निरनिराळ्या कामांची गल्लत होते. गर्दीतील माणसे मोजणे हे पहिले. त्यात कोणाचीही ओळख लागत नाही. समोरची व्यक्ती नोंदलेलीच आहे काय, हे पडताळणे हे दुसरे. अनोळखी चेहरा हजारो नोंदींतून शोधणे हे तिसरे, आणि धोका सर्वांत अधिक येथेच आहे.

पडताळणी असो वा शोध, यंत्र ‘हाच तो’ असे कधीच सांगत नाही. ते चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या एका ओळीत करते (काही पद्धतींत १२८, काहींत ५१२ आकडे) आणि दोन ओळींमधील साम्य मोजते. किती साम्य पुरेसे मानावयाचे, ही मर्यादा माणूस ठरवितो. ती कडक ठेवली तर खरा लाभार्थी परत जातो. सैल ठेवली तर भलताच मनुष्य जुळतो. समजा, यात्रेत १ लाख लोक कॅमेऱ्यासमोरून गेले, त्यांत १० फरारी होते व ते सर्व ओळखले गेले. परंतु इतरांच्या बाबतीत यंत्र हजारांत एकदा चुकले. तर ११० इशाऱ्यांपैकी सुमारे १०० निरपराधांविरुद्ध असतील.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे अशाच जुळणीवरून जानेवारी २०२० मध्ये एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थास अटक होऊन सुमारे ३० तास कोठडीत राहावे लागले. २०२४ च्या तडजोडीनुसार केवळ चेहऱ्याच्या जुळणीवरून अटक करण्यास तेथील पोलिसांना मनाई झाली. चुकांचा भारही सर्वांवर सारखा पडत नाही. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू यांनी तपासल्या. गौरवर्णीय पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

आपल्याकडे हा प्रश्न आता अंगणवाडीच्या दारात आला आहे. घरी नेण्याच्या शिध्याच्या वाटपासाठी पोषण ट्रॅकरमधील चेहरा पडताळणी जुलै २०२५ पासून आवश्यक करण्यात आली. गैरवाटपास आळा बसावा हा हेतू रास्तच आहे. परंतु सेविका ज्या मातेस वर्षानुवर्षे ओळखते, तिला यंत्राने नाकारले तर काय करावयाचे, हे आधी ठरलेले हवे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी मासिक वाटपाचा आढावा घेताना किती जणींची जुळणी झाली एवढेच न विचारता, किती जणी रिकाम्या हाती परतल्या व त्यांना शिधा नंतर कधी मिळाला, हेही विचारावे. कारणे पुष्कळदा साधीच असतात: जुने छायाचित्र, डोक्यावरून पुढे आलेला पदर, अथवा पाठीमागून येणारा उजेड. अशा वेळी मातेस दाराकडे तोंड करून बसवावे व छायाचित्र पुन्हा घ्यावे.