खुबा बदलताना: एका इंजिन मिस्त्रीचे चार शब्द

मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. रक्त पोचेनासं होऊन माझ्या उजव्या खुब्यातलं हाड बसलं आणि सांधा बदलावा लागला. आता बंदरात कुणाचा खुबा धरला की लोक माझ्याकडे येतात. औषधातलं मला कळत नाही, पण काय कशावर घासतं आणि किती झिजतं, ते कळतं.

१. डॉक्टरांना विचारा : गोळा कशाचा, अस्तर कशाचं? मांडीच्या हाडात दांडा बसतो, त्यावर गोळा. कमरेच्या हाडात वाटी, तिच्या आत अस्तर. घासतात ते गोळा आणि अस्तर. अस्तर बहुधा पॉलिएथिलीनचं, म्हणजे प्लॅस्टिकचं. जुन्या प्लॅस्टिकचा बारीक चुरा पडायचा. शरीर त्या चुऱ्यावर तुटून पडे, त्यात भोवतालचं हाडच खाल्लं जाई आणि पक्का बसलेला सांधा डुगडुगू लागे. गेल्या शतकाच्या अखेरीस आलेलं क्रॉसलिंक केलेलं प्लॅस्टिक खूपच कमी झिजतं. सिरॅमिकवर सिरॅमिक त्याहून कमी, पण ते क्वचित तडकतं, आणि काहींचं चालताना चक्क वाजतं.

२. नवीन माल आला म्हणून भुलू नका. खुब्याचा कृत्रिम सांधा रुळवणाऱ्या खुद्द जॉन चार्नली या इंग्रज सर्जनची टेफ्लॉनची वाटी काही वर्षांत झिजून गेली. मग १९६२ मध्ये तो पॉलिएथिलीनकडे वळला. पुढे धातूवर धातूची टूम निघाली. पातळ धातूच्या वाटीत मोठा गोळा मावतो, आणि मोठा गोळा सहजी निखळत नाही. हिशेब कागदावर बरोबर होता. पण जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा ‘एएसआर’ सांधा ठरल्यापेक्षा फार लवकर निकामी होऊ लागला. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं, सांध्याभोवतालचं मांस खराब होत होतं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) मुंबईत कंपनीवर गुन्हा नोंदवला. भरपाईचं सूत्र ठरायला मात्र २०१८ उजाडलं. धातूवर धातू असलेला सांधा कुणाच्या अंगात असेल, तर दुखत नसलं तरी रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासून घ्यावं.

३. स्टिकर जपा. प्रत्येक भागाच्या खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं. विम्याच्या फाइलीत ते जाण्याआधी झेरॉक्स काढून बोटीच्या कागदांत ठेवा. एएसआरच्या वेळी बहुतेक पेशंटांचा पत्ताच लागला नाही.

४. दोन धातू एकत्र आले की नीट चौकशी करा. खाऱ्या पाण्यात पंख्याचा दांडा खाल्ला जाऊ नये म्हणून आपण शेजारी जस्त लावतो. शरीरातलं पाणीही खारटच. टायटॅनियमच्या दांड्यावर कोबाल्ट-क्रोमचा गोळा बसवला, की त्या जोडात कधीकधी गंज धरतो. तिथे सिरॅमिकचा गोळा असला तर हा धोका बराच कमी होतो. महाग पडतो, हे खरं.

५. पैशांचं म्हणाल, तर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. खुबा त्या यादीत नव्हता. तेव्हा ‘पॅकेज’ ऐकून मान डोलवू नका. दांडा, गोळा, वाटी, अस्तर, प्रत्येकाचा भाव वेगळा लिहून मागा.