व्हर्नन कौंटी : जेथे सुधारलेली जमीन पाहण्यास प्रवासी येतात

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून गावोगावच्या सभांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. "साहेब, आमच्या गावात ना किल्ला, ना लेणी, ना मोठे देवस्थान. शहरातला माणूस येथे येऊन पाहणार काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना दूरच्या एका मुलखाचे उदाहरण उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून ते येथे विस्ताराने देत आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील व्हर्नन कौंटी हा तो मुलूख होय. तेथेही किल्ला नाही की जगप्रसिद्ध इमारत नाही. तरीही प्रवासी येतात, होड्या वल्हवतात, मासे धरतात, डोंगर चढतात, तंबू ठोकून मुक्काम करतात. ते जे पाहतात त्यातील पुष्कळसा भाग शेतकऱ्यांच्या हातून घडलेला आहे. काही भागासाठी मात्र शेतकऱ्यांना घरेदारे सोडावी लागली, आणि तीही हकीकत सांगितलीच पाहिजे.

भूप्रदेशाची ओळख

कौंटी म्हणजे राज्याच्या खालचा शासकीय विभाग. व्हर्ननचे क्षेत्र सुमारे ८०० चौरस मैल, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे आहे. लोकवस्ती मात्र ३० हजारांच्या आसपासच आहे. मुख्य ठिकाण व्हिरोक्वा. पश्चिम सीमेवरून मिसिसिपी नदी वाहते. हिमयुगात हिमनद्यांनी सभोवतालचा बराच प्रदेश खरवडून सपाट केला. हा टापू त्यातून सुटला. त्यामुळे येथे अरुंद डोंगरमाथे, तीव्र उतार व खोल दऱ्या आढळून येतात. खाली वालुकाश्म व चुनखडक, आणि वर वाऱ्याने आणून पसरलेली बारीक माती. अशी माती पिकास उत्तम, परंतु उघडी पडली की पावसाच्या माऱ्यापुढे टिकाव धरीत नाही. खडकांतून थंड पाण्याचे असंख्य झरे वाहतात. ह्या झऱ्यांची गोष्ट पुढे येणार आहे.

कून क्रीकचे खोरे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेतून आलेल्या अनेक कुटुंबांनी ह्या दऱ्यांत वस्ती केली. प्रथम गहू, पुढे दुभती जनावरे व तंबाखू, असा शेतीचा क्रम राहिला. नांगरट उतारावरून वरखाली केली जाई. गुरे डोंगरउतारावरील रानात मोकळी चरत. त्यांच्या खुरांनी रानातील जमीन घट्ट झाली, पालापाचोळा नाहीसा झाला आणि पाणी मुरेनासे झाले. दोन पिढ्यांनंतर त्याचे फळ दिसले. १९२० ते १९३० च्या सुमारास ओघळींच्या घळी झाल्या होत्या, खोऱ्याच्या तळाची चांगली जमीन कित्येक फूट गाळाखाली गेली होती, आणि ओढे रुंद, उथळ व गढूळ झाले होते. थंड व स्वच्छ पाण्यावाचून न जगणारा ट्राउट मासा बहुतेक ठिकाणी दिसेनासा झाला.

१९३३ साली अमेरिकन शासनाने ह्यू हॅमंड बेनेट ह्यांच्या नेतृत्वाखाली जमिनीची धूप थांबविण्यासाठी स्वतंत्र खाते उघडले. त्या खात्याने देशातील पहिले पाणलोट प्रात्यक्षिक कून क्रीकच्या खोऱ्यात हाती घेतले. क्षेत्र सुमारे ९० हजार एकर. ते व्हर्नन व शेजारच्या दोन कौंट्यांत पसरलेले आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे सहकार्य लाभले, आणि तेथील प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड ह्यांनी रानपक्षी व वन्यजीवांच्या बाबतीत मार्गदर्शन केले.

कामाची रीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक पाहावी. कोणावरही सक्ती नव्हती. शेतकऱ्याबरोबर पाच वर्षांचा करार केला जाई. शासनाने मजूर, बी, चुना, रोपे व कुंपणाचे साहित्य द्यावयाचे. मजूर म्हणजे शासकीय छावणीत राहणारे बेकार तरुण. शेतकऱ्याने आपल्या परीने श्रम करावयाचे, तीव्र उतारावरून गुरे हटवावयाची, मध्यम उतारावर समपातळी पट्ट्यांत पिके घ्यावयाची, आणि ठरलेली फेरपालट पाळावयाची. एका पट्ट्यात मका, त्याखाली ओट, त्याखाली लसूणघास. मक्याच्या पट्ट्यातून सुटलेली माती गवताच्या पट्ट्यात अडकते, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे. घळींना बांध घातले, ओढ्यांचे काठ बांधून काढले, डोंगरमाथ्यांवर झाडे लावली. खोऱ्यातील सर्वच शेतकरी सामील झाले नाहीत. चारशेहून अधिक झाले. प्रात्यक्षिकास तेवढे पुरेसे होते, कारण शेजाऱ्याचे शेत रोज डोळ्यांसमोर असते.

भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल ह्यांनी पुढे ह्या खोऱ्यातील गाळाची वर्षानुवर्षे मोजणी केली. १९२० ते १९४० ह्या काळाच्या मानाने नंतरच्या काळात गाळ साठण्याचा वेग फारच थोडा राहिला, असे त्यांना दिसून आले. पाणी मुरू लागले, झऱ्यांचा ओघ सुधारला, ओढे निवळले. आज टिंबर कूली हा कून क्रीकचा उपओढा ट्राउटच्या शिकारीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. मासे तेथे आपोआप वाढतात. गळ टाकणारे हौशी लोक परराज्यांतूनही येतात, मुक्काम करतात, खानावळीत जेवतात, गळाचे सामान विकत घेतात. डोंगरमाथ्यावरील रस्त्याने जाणारा प्रवासी मोटार थांबवून खालच्या हिरव्या-पिवळ्या वळणदार पट्ट्यांची छायाचित्रे घेतो. आपण मृद्संधारणाचे चित्र घेत आहोत, ह्याची त्यास बहुधा कल्पनाही नसते.

येथे एक कायदेशीर बाब सांगण्यासारखी आहे. विस्कॉन्सिन राज्यात नौकानयनास योग्य ठरलेले पाणी सर्व जनतेचे मानले जाते. मासेमाराचे पाय पाण्यात आहेत तोवर तो ओढ्यातून कोणाच्याही शेतामधून चालत जाऊ शकतो. काठावर पाऊल ठेवावयाचे तर मालकाची परवानगी हवी. हा तंटा मिटविण्यासाठी राज्य शासन काही शेतकऱ्यांकडून ओढ्याकाठच्या पट्टीचा केवळ वापरण्याचा हक्क मोबदला देऊन कायमचा विकत घेते. जमीन शेतकऱ्याचीच राहते. अशा ठिकाणी कुंपणावर लाकडी पायऱ्या बसविलेल्या दिसतात, म्हणजे माणूस ओलांडून जातो व गुरे आतच राहतात. पाहुण्यांनी फाटक उघडे टाकल्याच्या तक्रारी आपल्याकडेही ऐकू येतात. त्यांवर ही युक्ती स्वस्त व चांगली आहे.

किकापू नदी व न झालेले धरण

कौंटीच्या पूर्व भागातून किकापू नदी वाहते. लांबी सुमारे सव्वाशे मैल, आणि वळणे इतकी की काही ठिकाणी नावाडी तासभर वल्हवून पुन्हा जवळपास त्याच टेकडीखाली येतो. ऑन्टॅरिओ नावाच्या खेड्यात कनू, म्हणजे हलक्या निमुळत्या होड्या, भाड्याने मिळतात. होडीवाले प्रवाशास वरच्या पुलापाशी सोडतात आणि खालच्या पुलापाशी गाडीने परत घेतात. दोन्ही बाजूंस वालुकाश्माचे उभे कडे, त्यांवर शेवाळ व नेचे. जवळच वाइल्डकॅट माउंटन हे राज्य उद्यान आहे. तेथे घोडेस्वारांसाठी स्वतंत्र वाटा व मुक्कामाची जागा आहे.

परंतु ह्याच नदीच्या खालच्या अंगास, ला फार्ज गावाजवळ, १०० फुटांहून उंच असा काँक्रीटचा एक मनोरा एकटाच उभा आहे. किकापूच्या पुरांनी काठची गावे वारंवार हैराण होत. म्हणून १९६२ साली धरणास मंजुरी मिळाली. पूर अडेल, सुमारे १८०० एकरांचा तलाव होईल, आणि तलावावर प्रवासी लोटून गावास बरकत येईल, असे सांगण्यात आले. त्यासाठी १४०हून अधिक कुटुंबांच्या शेतजमिनी घेण्यात आल्या. १९७१ साली काम सुरू झाले. पुढे खर्च वाढत गेला. तलावात खतमातीचे पाणी साचून तो शेवाळाने भरेल, असा इशारा अभ्यासकांनी दिला. दुर्मिळ वनस्पतींचाही प्रश्न निघाला. १९७५ साली काम थांबले ते कायमचेच. शेते गेली, तलाव झाला नाही, पूर येतच राहिले. गावाची बाजारपेठ व शाळा ज्या कुटुंबांवर चालत ती पांगली. पाहुण्यांच्या आशेवर कसती जमीन सोडून देण्याचा सल्ला देणाऱ्या आम्हां अधिकारी मंडळींनी हा मनोरा नजरेसमोर ठेवावा, असे मला वाटते.

रिकाम्या जमिनीवर वीस-पंचवीस वर्षांत रान माजले. १९९६ साली नवा कायदा झाला आणि २००० साली सुमारे ८५०० एकर क्षेत्र शासकीय अभियंत्यांच्या ताब्यातून निघाले. त्यातील बहुतेक जमीन विस्कॉन्सिन राज्यास आणि १२०० एकर हो-चंक ह्या मूळ रहिवासी राष्ट्रासाठी देण्यात आली, कारण त्या खोऱ्यात हो-चंक लोकांची शेकडो जुनी व पवित्र स्थाने आहेत. आता हे किकापू व्हॅली राखीव क्षेत्र होय. कारभार पाहणाऱ्या मंडळावर स्थानिक रहिवासी व हो-चंक प्रतिनिधी बसतात. पायी, सायकलने, घोड्यावरून व हिवाळ्यात बर्फावरून फिरण्याच्या वाटा आहेत. जुन्या डांबरी रस्त्याचा एक भागच वाट म्हणून वापरला आहे. ज्या कुटुंबांच्या जमिनी गेल्या त्यांना त्या परत मिळाल्या नाहीत.

इतर स्थळे

ह्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. कून व्हॅलीजवळ नॉर्स्केडालेन येथे नॉर्वेजियन वसाहतवाल्यांची लाकडी घरे व कोठारे जतन करून ठेवली आहेत. कौंटीत गोल गोठे बरेच आहेत. त्यांतील कित्येक आल्गा शिव्हर्स ह्या कृष्णवर्णीय कारागिराने बांधले. मध्ये मुरघासाचा बुरूज व भोवती जनावरे, म्हणजे चारा घालण्याचे श्रम वाचतात, आणि गोल भिंतीवर वाऱ्याचा जोरही कमी बसतो. आमिश पंथाचे लोक आजही घोड्यांनी शेती करतात. त्यांच्या दारी लाकडी सामान व भाजीपाला विकत मिळतो, मात्र रविवारी व्यवहार बंद असतो, आणि त्यांची छायाचित्रे काढणे त्यांस रुचत नाही. मिसिसिपीकाठी जिनोआ येथे १९३२ पासूनचे मत्स्यबीज केंद्र आहे. त्याच नदीकाठी १८३२ साली बॅड ॲक्सच्या लढाईत पळून जाणाऱ्या सॉक लोकांची, बायकामुलांसह, कत्तल झाली. जवळच्या खेड्याचे नाव 'व्हिक्टरी', म्हणजे विजय, असे आहे. पाटी वाचणारा प्रवासी जरा वेळ गप्प होतो.

ला फार्ज येथेच १९८८ साली स्थापन झालेल्या शेतकरी सहकारी संघाचे मुख्य कार्यालय आहे. सेंद्रिय दूध विकणारा हा संघ आज 'ऑर्गॅनिक व्हॅली' ह्या नावाने देशभर ओळखला जातो. धरणाने जे दिले नाही, त्यातील काही भाग दुधाने दिला.

आजची स्थिती

२७ व २८ ऑगस्ट २०१८ च्या रात्री ह्या भागात प्रचंड पाऊस झाला. १९५० व १९६० च्या दशकांत कून क्रीक व किकापूच्या पश्चिम शाखेवर बांधलेल्या लहान पूरनियंत्रक धरणांपैकी पाच फुटली. भिंती पक्क्या होत्या. पाणी बाजूच्या भेगाळ वालुकाश्मातून फुटून निघाले. जर्सी व्हॅली येथील तलाव, जेथे लोक पोहावयास व मासे धरावयास जात, एका रात्रीत रिता झाला.

दुसरा बदल सावकाश होत आहे. लहान दूधधंदे बंद पडत चालले आहेत. गाई गेल्या की लसूणघासाचे गिऱ्हाईक जाते, आणि मग समपातळी पट्टे मोडून सलग मका व सोयाबीन घेण्याकडे कल होतो. कून क्रीकच्या खोऱ्यातील शेतकरी व रहिवासी ह्यांनी त्या पुरानंतर पुन्हा एकत्र येऊन आपली पाणलोट परिषद स्थापन केली आहे. आच्छादन पिके कोणी पेरावी, कुरण कोठे राखावे, उतारावरील पट्टे कसे टिकवावे, ह्या गोष्टींची चर्चा तेथे शेतकरी आपापसांत, बहुधा एखाद्याच्या शेतावरच उभे राहून, करतात.