संगीत सौभद्राची जन्मकथा

जुन्या मराठी नाटकात गाणारा मुख्यतः एकच असे, आणि तो म्हणजे सूत्रधार. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ही रीत चालत आली होती. सूत्रधाराने साथीदारांसह रंगभूमीच्या कडेस उभे राहावे, पुढे काय घडणार ते पद्यातून गाऊन सांगावे आणि मग पात्रांनी पुढे येऊन आयत्या वेळी सुचेल ते बोलावे, असा तो प्रकार होता. राक्षस तलवारी परजीत, आरडाओरड करीत आले म्हणजे प्रेक्षकांना मोठी मौज वाटे. परंतु सीतेला दुःख झाले, तरी ते गाऊन सांगणारा गळा सूत्रधाराचाच. ज्याचे सुखदुःख त्याच्याच मुखी गाणे नसे.

ही रीत ज्यांनी पालटली, ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. ‘सीतास्वयंवर’ ज्या वर्षी रंगभूमीवर आले, त्याच वर्षी, म्हणजे ३१ मार्च १८४३ रोजी, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी त्यांचा जन्म झाला. तो मुलूख मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांचा. घरात ओव्या, देवळात कीर्तन, वाटेवर कानडी पदे, असे नाना तऱ्हेचे सूर बालपणापासून त्यांच्या कानी पडत. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास आले. पण त्यांचे चित्त पुस्तकांपेक्षा नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडी अधिक रमे. नाटक मंडळ्यांना ते हौसेने पदे रचून देत. शिक्षण अर्धेच राहिले. मग बेळगावास शिक्षकाची नोकरी झाली आणि पुढे पुण्यास सरकारी कचेरीत कारकुनी आली. बेळगावच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला गोविंद बल्लाळ देवल हा विद्यार्थी पुढे ‘शारदा’ नाटकाचा कर्ता म्हणून प्रसिद्धीस आला, हे येथे सांगून ठेवण्यासारखे आहे.

१८८० साली एका पारशी मंडळीने पुण्यात ‘इंद्रसभा’ या उर्दू संगीत नाटकाचा खेळ केला. त्यात पात्रे स्वतः गात. अण्णासाहेबांनी तो खेळ पाहिला आणि असे नाटक मराठीत का असू नये, या विचाराने त्यांना घेरले, असे सांगतात. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ हाती घेतले. नोकरी सांभाळून भाषांतर, पदरचना आणि तालमी चालू झाल्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सूत्रधाराचे काम अण्णासाहेबांनी स्वतः केले. परंतु नांदी व प्रस्तावना आटोपल्यावर हा सूत्रधार पडद्याआड निघून गेला! त्यानंतर दुष्यंत आपले गाणे आपण गाऊ लागला आणि शकुंतला आपले.

प्रयोग लोकांना अतिशय आवडला. तरीसुद्धा एक शंका उरलीच. ‘शाकुंतल’ ही जगन्मान्य कृती. मग हे यश कालिदासाचे म्हणावे की किर्लोस्करांचे? कालिदासाचा आधार सुटल्यावर ही नवी रीत स्वतःच्या पायांवर उभी राहील काय? या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्र नाटक लिहूनच देता येण्याजोगे होते. ते नाटक म्हणजे ‘संगीत सौभद्र’.

कथा जुनीच निवडली होती. भागवताच्या दशम स्कंधात सुभद्राहरणाचा प्रसंग मोजक्या श्लोकांत आलेला आहे. बलरामाने आपल्या बहिणीचे, सुभद्रेचे, लग्न दुर्योधनाशी ठरविले आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडले आहे. पण तिला कोण विचारतो? वडील भावाचा शब्द मोडायचा कोणी, हा घरातला पेच. अर्जुन यतीचा वेष घेतो आणि भोळा बलराम त्यालाच मोठ्या आदराने घरी आणून बहिणीस त्याची सेवा करावयास सांगतो. सगळे जाणून असलेला कृष्ण मात्र वरकरणी मोठ्या भावाच्या हो ला हो मिळवीत राहतो. अण्णासाहेबांनी एवढ्या बीजातून पाच अंकांचे नाटक फुलविले. त्यातील देव देवासारखे बोलत नाहीत. महाराष्ट्रातील एखाद्या सुखवस्तू घरातली माणसे बोलावीत, तसे बोलतात. बलराम तापट पण मनाचा निर्मळ, कृष्ण गालातल्या गालात हसणारा, रुक्मिणी त्याला खोचून बोलणारी. ज्याच्या त्याच्या घरी असा एखादा दादा आणि असा एखादा धाकटा भाऊ असतोच. ‘सौभद्र’ टिकले त्याचे निम्मे श्रेय या घरगुतीपणाला दिले पाहिजे.

नावाविषयी मात्र एक गंमत आहे. ‘सौभद्र’ या शब्दाचा नेहमीचा अर्थ सुभद्रेचा पुत्र, म्हणजे अभिमन्यू. आणि नाटकात तर अभिमन्यूचा पत्ताच नाही! परंतु सुभद्रेसंबंधीचे ते सौभद्र, असाही अर्थ संस्कृत व्याकरणाला धरून होतो. नाटककाराला तोच अभिप्रेत आहे.

आता गाण्यांकडे वळू. नाटकात शंभराहून अधिक पदे आहेत. एवढी पदे लोकांना जड कशी झाली नाहीत? याचे कारण असे की, त्यांतील पुष्कळ चाली लोकांच्या ओळखीच्या होत्या. साकी, दिंडी, ओवी, कीर्तनातील पदे, लावणी, कानडी चाली असे सर्व प्रकार अण्णासाहेबांनी वापरले. दिंडीच्या एका चरणात नऊ आणि दहा मिळून एकोणीस मात्रा असतात. हे वृत्त चालत्या बोलण्याच्या इतके जवळ आहे की, पात्र बोलता बोलता गाऊ लागले तरी सांधा दिसत नाही. गाणे संपते तेव्हा कथाही एक पाऊल पुढे गेलेली असते. शब्दही सोपे. चाल ओळखीची आणि शब्द सोपे असल्यावर प्रेक्षक ती पदे घरी घेऊन जात, यात नवल नव्हते.

तथापि नुसत्या लिहिण्याने नाटक होत नाही. त्याला गळा लागतो. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे गाणारे नट मंडळीत होतेच. त्यांत १८८२ साली बडोद्याचा एक तरुण येऊन मिळाला. त्याचे नाव भाऊराव कोल्हटकर. वय अवघे एकोणीस. आवाज उंच, धारदार आणि गोड. त्या काळी नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतील माणसाला शब्द ऐकू जाईल, तोच खरा आवाज. स्त्रियांची कामेही पुरुषच करीत. भाऊराव सुभद्रा झाले, वाघोलीकर अर्जुन झाले आणि बलराम स्वतः अण्णासाहेब झाले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यातील पूर्णानंद नाट्यगृहात पहिल्या तीन अंकांचा प्रयोग झाला. संपूर्ण पाच अंक १८८३ साली रंगभूमीवर आले. शंकेला उत्तर मिळाले होते. लोक भाऊरावांना लाडाने ‘भावड्या’ म्हणू लागले.

नाटकात काम करणे हे त्या वेळी भल्या घरच्या माणसाला शोभणारे मानीत नसत. नटाला कोणी सहजासहजी आपल्या पंगतीला घेत नसे. अशा काळात शिकल्यासवरलेल्या अण्णासाहेबांनी आपली सारी उमेद या धंद्यात ओतली होती. त्याचे फळ त्यांना फार दिवस चाखता आले नाही. ‘रामराज्यवियोग’ हे त्यांचे पुढचे नाटक तीन अंकांवरच थांबले आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

कर्ता गेला, पण सुभद्रेचे गाणे एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात राहिले. १९०१ साली भाऊरावही अकाली वारले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले आणि नव्या पिढीला नवी सुभद्रा मिळाली. १९१३ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. गाणे आता अधिक विस्ताराने, रागदारीच्या अंगाने होऊ लागले. ‘वन्स मोअर’च्या आरोळ्या उठत आणि एकच पद दोनदा, तीनदा गावे लागे. नाटक रात्रभर चाले. यात संगीताचा लाभ झाला हे खरे. परंतु अर्जुनाच्या वियोगाने तळमळणारी सुभद्रा टाळ्यांसाठी तेच दुःख तिसऱ्यांदा गाऊ लागली म्हणजे कथेचा धागा सुटे, हेही तितकेच खरे. अण्णासाहेबांची पदे आखूड होती, ती उगीच नव्हती.

पुढे स्त्रियांची कामे स्त्रिया करू लागल्या. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेने ‘सौभद्र’ गावोगाव नेले. छोटा गंधर्वांचा कृष्ण पाहण्यासाठी लोक दूरदूरच्या गावांहून येत. गोव्यात तर देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच नाटक बसविण्याची परंपरा आहे, आणि त्या मांडवांतही सुभद्रा, कृष्ण, बलराम वारंवार अवतरले आहेत.

आजचा प्रयोग तीन-साडेतीन तासांत आटोपावा लागतो. म्हणून तालमीच्या आरंभी संहिता पुढे ठेवून कोणती पदे गाळावी याचा विचार होतो. काही पदांवर सहज काट मारली जाते. काहींना मात्र कोणी हात लावीत नाही. कारण नटाने पहिला सूर लावण्याआधीच समोरच्या रांगांतून ते पद गुणगुणणे सुरू झालेले असते.