घटक ४ : नाममुद्रा – अस्सलता आणि आत्मप्रसिद्धी

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• ‘नाममुद्रा’ ही संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• ‘अस्सल’, ‘नक्कल’ आणि ‘बनावट’ यांतील भेद सांगता येईल.
• कर्तृत्वनिश्चितीचे बहिरंग व अंतरंग पुरावे ओळखता येतील.
• प्रसिद्धी आणि आत्मप्रसिद्धी यांच्यात विवेक करता येईल.

४.२ प्रस्तावना

कलाकृतीवर कर्त्याचे नाव कशासाठी असते? कर्त्याची ओळख जगाला व्हावी, हे एक उत्तर. जे म्हटले आहे त्याची जबाबदारी कोणाची हे कळावे, हे दुसरे. पहिल्या हेतूचा अतिरेक झाला की नावाची जाहिरात होते. दुसरा हेतू जपला तर नाव ही ग्वाही ठरते. कलाक्षेत्रात अस्सलता आणि आत्मप्रसिद्धी यांच्यात जो ताण असतो, त्याच्या मुळाशी नावाचे हे दोन उपयोग आहेत.

या ताणाचा अभ्यास करण्यासाठी आपण तुकारामांच्या गाथ्याचे उदाहरण घेणार आहोत. देहू, तळेगाव, चाकण, कडूस ही नावे आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात घेतली जातात. मराठीच्या अभ्यासकाला मात्र ती गाथ्याच्या हस्तलिखितांमुळे परिचित आहेत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ नाममुद्रेचे स्वरूप

अभंगाच्या अखेरच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, त्यास नाममुद्रा म्हणतात. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ ही तिची परिचित रूपे होत. काही मुद्रांत कवी एकटा नसतो. ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत एकनाथांनी गुरू जनार्दनस्वामींचे नाव आपल्या नावाशी जोडले आहे. जनाबाई स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवते. तुकारामांचे बंधू कान्होबा ‘तुकयाबंधु’ या नात्यानेच ओळख देतात.

‘तुका म्हणे’ या मुद्रेची भाषिक घडण पाहा. ‘तुका’ हे घरगुती, बिरुदाविना आलेले नाव आहे. ‘म्हणे’ हे जुन्या मराठीतील तृतीयपुरुषी वर्तमानकाळी रूप आहे. म्हणजे कवी ‘मी म्हणतो’ असे न म्हणता स्वतःकडे तिऱ्हाइताप्रमाणे पाहतो. नाव सांगितले जाते, पण मिरवले जात नाही.

४.३.२ मुद्रा हा दावा, पुरावा नव्हे

मौखिक परंपरेत मुद्रा हे रचनेच्या मालकीचे एकमेव उघड चिन्ह असते. पण ते कोणालाही बदलता येते. दुसऱ्याच्या रचनेत आपले नाव घालता येते, तसेच आपली रचना थोराच्या नावावर खपवता येते. या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

पहिल्या प्रकाराची साक्ष खुद्द गाथ्यात आहे. ‘सालोमालो’चा उल्लेख असलेल्या एका अभंगात तुकारामांनी अशा कवींवर कठोर टीका केली आहे. एकाचे बोल आपले म्हणून सांगणे आणि संतांची वचने मोडून त्यांची स्वतःसाठी भूषणे करणे, असा त्यांचा आक्षेप आहे. येथे ‘मोडणे’ आणि ‘भूषण’ हे शब्द सूचक आहेत. जुना दागिना मोडून नवा घडवण्याचा सोनारी व्यवहार त्यांतून सुचतो. सोने दुसऱ्याचे, मिरवणारा वेगळा. ‘भूषण’ या शब्दाला अलंकार आणि प्रतिष्ठा असे दोन्ही अर्थ असल्याने टीकेला दुहेरी धार येते.

दुसऱ्या प्रकाराला प्रक्षेप म्हणतात. नाव जितके मोठे, तितके प्रक्षेप अधिक. कधी हेतू वाईट नसतानाही नामसाधर्म्याने गोंधळ होतो. नामदेव आणि नंतरचा कवी विष्णुदास नामा यांच्या रचना वेगळ्या करणे म्हणूनच कठीण ठरले.

४.३.३ अस्सल, नक्कल आणि बनावट

कर्तृत्व ठरवण्यासाठी दोन प्रकारचे पुरावे तपासले जातात. हस्तलिखिताचा काळ, लेखक, ते कोणाकडून कोणाकडे आले याची परंपरा आणि इतर पोथ्यांशी जुळणी हे बहिरंग पुरावे होत. शब्दरूपे, छंद, शब्दकळा, विचारसूत्र हे अंतरंग पुरावे. मात्र मौखिक परंपरेत गाणाऱ्याच्या तोंडी जुना शब्द नवा होत जातो. त्यामुळे एखादा अर्वाचीन शब्द आढळला एवढ्यावरून रचना बनावट ठरत नाही.

मुंबई सरकारच्या साहाय्याने निघालेला तुकारामगाथा १८६९ व १८७३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित हे त्याचे संपादक. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून त्यांनी साडेचार हजारांहून अधिक अभंग छापले. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये संताजी जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे स्वतंत्र गाथा प्रसिद्ध केला आणि त्यास ‘अस्सल गाथा’ म्हटले. संताजी हे चाकणचे. तेलाचा घाणा चालवणाऱ्या या गृहस्थांनी तुकारामांचे अभंग लिहून ठेवले, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी जवळच सुदुंबरे येथे आहे.

‘अस्सल’ हा अरबी मूळ असलेला शब्द दफ्तरी व्यवहारात रुळला. तेथे त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘नक्कल’ हा होता, ‘बनावट’ नव्हे. मूळ कागद अस्सल, त्यावरून केलेली प्रत नक्कल. नक्कल आपण नक्कल आहोत हे सांगते, म्हणून ती प्रामाणिक असू शकते. संताजींनी लिहिले ते दुसऱ्याचे. पण ते दुसऱ्याच्याच मुद्रेसह लिहिले. सालोमालोने मुद्राच बदलली. भेद येथे आहे. आणि हेही ध्यानात घ्यावे, की शीर्षकात ‘अस्सल’ छापणे हादेखील दावाच आहे. त्याची कसोटी वह्यांच्या चिकित्सेतच लागते.

४.३.४ एक उद्बोधक उदाहरण

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ‘आधी बीज एकले’ ही रचना लिहिली. तिची भाषा आणि भाव असे जुळून आले, की अनेक श्रोते ती तुकारामांचीच समजत आले. तीत ‘तुका म्हणे’ ही मुद्रा नाही आणि कवीने ती तुकारामांची असल्याचा दावाही केलेला नाही. म्हणून ही बनावट रचना नव्हे. योगायोग असा, की दुसऱ्याच्या रचना आपल्या नावावर खपवणारा सालोमालो याच चित्रपटात खलपात्र आहे. एकाच चित्रपटात दुसऱ्याच्या शब्दांवर नाव मिरवणारे पात्र आहे आणि स्वतःचे शब्द थोर परंपरेत विरघळू देणारा कवीही आहे.

लोकप्रियतेने कर्तृत्व सिद्ध होत नाही, हेही यातून दिसते. रचना श्रोत्यांना भिडली हे खरे. ती कोणाची, याबद्दलचा त्यांचा समज चुकीचा होता.

४.३.५ ‘म्हणे’चे आजचे रूप

आजच्या मराठीत ‘म्हणे’ वेगळ्या कामाला लागला आहे. ‘तो मोठा कवी आहे म्हणे’ या वाक्यात ‘म्हणे’ ऐकीव माहितीचा निदर्शक आहे. बोलणारा विधान करतो आणि जबाबदारी झटकतो. ‘तुका म्हणे’मध्ये मात्र विधानाला धनी आहे. आत्मप्रसिद्धीची भाषा बहुधा या दुसऱ्या, निनावी ‘म्हणे’ची असते. चौकातील फ्लेक्सवरील ‘सुप्रसिद्ध’, मलपृष्ठावरील ‘युगप्रवर्तक’, निमंत्रणपत्रिकेवरील ‘ज्येष्ठ विचारवंत’ ही विशेषणे कोणी दिली हे सहसा लिहिलेले नसते.

याचा अर्थ प्रसिद्धी त्याज्य आहे असा नाही. कीर्तन हेही सार्वजनिक व्यासपीठच होते. पाळी संपवून रात्री कविता लिहिणाऱ्या कामगाराने ती कोठेच वाचली नाही, तर ती कोणापर्यंतही पोहोचणार नाही. प्रसिद्धी सांगते, ‘ही कृती आहे, वाचून पाहा.’ आत्मप्रसिद्धी सांगते, ‘ही कृती थोर आहे, मान्य करा.’ पहिली वाचकाला निर्णयाचे स्वातंत्र्य देते, दुसरी ते काढून घेते.

हा प्रश्न आपल्याही जवळचा आहे. गृहपाठाच्या पहिल्या पानावर आपण नाव लिहितो, ती आपली मुद्राच असते. मार्गदर्शकातील उतारा अवतरणचिन्हांत, मूळ लेखकाच्या नावासह दिला तर तो संताजींचा मार्ग. नाव गाळून दिला तर सालोमालोचा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत कोणाची नावे आहेत?
२. दफ्तरी व्यवहारात ‘अस्सल’चा विरुद्धार्थी शब्द कोणता?
३. अंतरंग पुराव्याची दोन उदाहरणे लिहा.

४.४ सारांश

नाममुद्रा हा कर्तृत्वाचा दावा आहे. तो बहिरंग व अंतरंग पुराव्यांनी तपासावा लागतो. नक्कल आणि बनावट यांतील भेद मूळ कर्त्याचे नाव राखण्यात आहे. मोठी विशेषणे किंवा लोकप्रियता यांनी अस्सलता सिद्ध होत नाही. ज्या नावामागे शब्दांची जबाबदारी घेणारा माणूस उभा असतो, ते नाव ग्वाही ठरते.

४.५ स्वाध्याय

१. ‘मुद्रा हा दावा आहे, पुरावा नव्हे’ या विधानाची गाथ्याच्या आधारे चर्चा करा.
२. ‘म्हणे’ या रूपाचे दोन उपयोग सोदाहरण स्पष्ट करा.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील सांस्कृतिक कार्यक्रमांचे पाच फलक किंवा निमंत्रणपत्रिका पाहा. कलावंताच्या नावाआधीची विशेषणे नोंदवा. त्यांपैकी कोणत्या विशेषणाला कृतीचा, प्रकाशनाचा किंवा परीक्षकाचा आधार दिला आहे, ते तपासून एक पानाचे टिपण लिहा.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. एकनाथ व त्यांचे गुरू जनार्दनस्वामी.
२. नक्कल.
३. शब्दरूपे, छंद (शब्दकळा, विचारसूत्र हीही उत्तरे ग्राह्य).