मोटारीतील आवाज : मोठा की स्वच्छ?

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अँप्लिफायरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यामागे एक घरगुती कारण आहे. माझे वडील तालुक्याच्या गावापासून आमच्या खेड्यापर्यंत वडाप जीप चालवतात. त्या जीपवरच आमचे घर चालते आणि माझी फीही तिच्यातूनच भरली जाते. मी बारावीत असताना अण्णांनी कंपनीचा मूळ टेप तसाच ठेवून, त्याला ‘१००० वॅट’ असे छापलेला अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर जोडून घेतले. चढाला इंजिनाच्या घरघरीत गाणे बुडून जाई आणि तरुण प्रवासी शेजारच्या जीपमध्ये जाऊन बसत, एवढेच त्याचे कारण होते.

पंधराव्या दिवशी डॅशबोर्डखालून धूर आला. अण्णांनी प्रवासी उतरवले, बॅटरीची तार ओढून काढली, म्हणून गाडी वाचली. पण आठ दिवस ती दारात उभी राहिली. चूक कोठे झाली हे तेव्हा आम्हांला कोणीच नीट सांगितले नाही. पुढे दोन सुट्ट्यांत मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम केले व थोडे वाचन केले. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे.

मूळ संचाची मर्यादा

मोटारीत रेडिओ बसवण्याची कल्पना जुनी आहे. १९३० साली अमेरिकेतील गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने असा रेडिओ बाजारात आणला. अडचण मात्र आजही तीच आहे, ती म्हणजे बॅटरीची. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. इंजिन चालू असताना हा दाब सुमारे १४ व्होल्टपर्यंत जातो. टेपमधील चिपला यापलीकडे जाता येत नाही. स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग सुमारे २०७. त्याला रोधाच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागले की २६ वॅट येतात. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात स्वच्छ आवाज १५ ते २० वॅटपर्यंतच मिळतो. टेपवर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते, तो क्षणभराच्या कळसाचा आकडा असतो. आवाजाची कळ त्यापुढे फिरवली की ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. गाणे फाटल्यासारखे ऐकू येते ते यामुळे.

वेगळा अँप्लिफायर ही मर्यादा ओलांडतो. त्याच्या आत बॅटरीचा दाब वाढवणारे एक मंडल असते. त्यामुळे तोच स्पीकर अधिक शक्तीने हलवता येतो.

आधी दरवाजा, मग वॅट

परंतु वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. उलट, ८७ डेसिबेल संवेदनशीलतेचा स्पीकर काढून ९० डेसिबेलचा बसवला, तर अँप्लिफायर दुप्पट केल्याइतकाच फायदा होतो. म्हणून स्पीकर घेताना वॅटच्या आधी हा आकडा पाहावा.

स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा त्याच क्षणी मागे ती खेचतो. या दोन लाटा एकमेकींच्या विरुद्ध असतात. दरवाजाच्या पत्र्याला भोके राहिली, तर मागची लाट पुढे येते आणि ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो. ती भोके बंद करून पत्र्याला आतून ब्यूटिल रबराची पट्टी चिकटवली, तर त्याच स्पीकरचा आवाज भरदार होतो. एका स्पीकरच्या ‘अधिक’ व ‘उणे’ तारा चुकून उलट जोडल्या, तरीही घुमारा असाच हरवतो.

तार आणि फ्यूज

आता मुख्य मुद्दा. समजा, चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट, म्हणजे २०० वॅट द्यावयाचे आहेत. जुन्या पद्धतीच्या अँप्लिफायरमध्ये जवळजवळ तेवढीच शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे बॅटरीकडून ४०० वॅट हवेत. त्यांना १३.८ ने भागले की २९ अँपिअर होतात. एवढा प्रवाह टेपच्या मूळ बारीक तारेतून नेता येत नाही. त्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार ओढावी लागते. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या ताराही मिळतात. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा त्यांचा रोध अधिक असतो.

या तारेवर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. हा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. आमच्या जीपमध्ये तो नव्हताच. तार इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या उघड्या भोकातून आणली होती, भोकाला रबरी कडे नव्हते. खडबडीत रस्त्यावर हादरे बसून वरचे वेष्टन कापले गेले व तार पत्र्याला टेकली. फ्यूज असता तर तो क्षणात वितळला असता. तो नव्हता, म्हणून तारच निखाऱ्यासारखी तापली. फ्यूज आणि रबरी कडे यांचा खर्च आठ दिवसांच्या बुडालेल्या कमाईपुढे काहीच नव्हता.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. ‘उणे’ची तार रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यालाच घट्ट जोडावी. गाण्याची तार बॅटरीच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. अँप्लिफायरवरील ‘गेन’ची कळ म्हणजे आवाजाची कळ नव्हे. ती टेपकडून येणाऱ्या संकेताशी जुळवून घेण्यासाठी असते. ती अखेरपर्यंत पिळली की पुन्हा लहरींचे माथे कापले जातात आणि आधी बारीक आवाजाचे ट्वीटर जळतात.

कानाचा हिशेब

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसात ८ तासांपेक्षा अधिक ऐकू नये. पुढे दर ३ डेसिबेलला ही वेळ निम्मी होते : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. प्रवासी अर्ध्या तासात उतरून जातो. अण्णा मात्र रोज दहा तास स्टिअरिंगवर बसतात. गाणे जीपच्या आवाजावर मात करण्याइतके मोठे केले, तर त्याची किंमत त्यांच्या कानांना मोजावी लागणार.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो हजार वॅटचा अँप्लिफायर काढून टाकला. दरवाजे आतून बंद केले, प्रत्येकी ५० वॅटचा चार स्पीकरचा साधा अँप्लिफायर, तांब्याची जाड तार आणि बॅटरीशेजारी ३० अँपिअरचा फ्यूज बसवला. सारे काम अण्णांनी व मी मिळून केले. शेवटची तार जोडण्यापूर्वी अण्णांनी विचारले, ‘‘बाळा, पुन्हा धूर तर नाही ना निघायचा?’’ मी त्यांना वरील हिशेब सांगितला. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले आहेत, तरी २९ अँपिअरचा भागाकार त्यांनी माझ्याआधी तोंडी केला.

आता जीपमधले गाणे पूर्वीपेक्षा हळू वाजते, पण शब्द न् शब्द समजतो. मागच्या बाकावरची म्हातारी ‘‘थांबव रं’’ म्हणाली, तर तेही पुढे ऐकू येते. ज्या मित्रांच्या घरी गाडी आहे, त्यांनी अँप्लिफायर घेण्यापूर्वी दुकानदाराला वॅट विचारण्याआधी फ्यूज कोठे बसवणार ते विचारावे, एवढीच विनंती.