मिक्सर लागला की पंखा का मंदावतो?

प्रश्न : आमची वाडी पोलादपूरपासून आत डोंगरात आहे. मिक्सर लावला की पंखा मंदावतो. घरातली जोडणी समांतर असते, मग प्रत्येकाला सारखाच व्होल्टेज मिळायला नको का? (इयत्ता दहावी)

उत्तर : सारखाच मिळतो, पण दोघांनाही कमी! पुस्तकातल्या आकृतीत तारेचा रोध शून्य धरतात. खऱ्या तारेला रोध असतो, आणि ट्रान्सफॉर्मरपासून तुझ्या घरापर्यंतची तार घरातल्या सगळ्या उपकरणांशी एकसर जोडणीत असते.

समजा, जाण्या-येण्याच्या तारांचा रोध मिळून 2 ओहम आहे. 5 अँपिअर धारा वाहिली, तर ओहमच्या नियमाने तारेतच 10 व्होल्ट खर्च होतात; 230 पैकी 220 उरतात. संध्याकाळी साऱ्या वाडीची मिळून धारा 20 अँपिअर झाली, की 40 व्होल्ट वाटेतच जातात. म्हणजे दोष तुझ्या मिक्सरचा एकट्याचा नाही, शेजाऱ्यांचाही वाटा असतो. एलईडी दिवा मात्र बहुधा तसाच तेवतो, कारण त्याच्या आतलं सर्किट धारा सांभाळून घेतं.

तारेत वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दसपट केला, तर तेवढ्याच शक्तीला धारा दहावा हिस्सा पुरते आणि नुकसान शंभराव्या हिश्श्यावर येतं. कोयनेची वीज 220 आणि 400 किलोव्होल्टने दूर पाठवतात ती याचसाठी. वाडीवरचा उपायही तोच: ट्रान्सफॉर्मर जवळ आणणं, म्हणजे बरीचशी वाट उच्च व्होल्टेजनेच पार होते; नाहीतर जाड तार लावून रोध कमी करणं.

पडताळणी टॉर्चच्या सेलवर कर, घरच्या प्लगवर मुळीच नको.